मुक्ताची गाडी आणि नवले पुलाचा उतार

पुण्याहून परतलेल्या माणसाला अमरावतीत दोन प्रश्न हमखास विचारतात. गर्दी किती होती, आणि पोरगी काय म्हणते? पहिल्याचं उत्तर मी टपरीवर उभ्या उभ्या देतो. दुसऱ्याला गेले आठ दिवस बगल देतो आहे. ते एकदाचं सांगून टाकावं म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी थोडं माझ्याबद्दल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी आयटीआयमध्ये तीस वर्षं मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. बॉनेट उघडण्याआधी कान उघडा, हे पोरांना इतक्यांदा सांगितलं की ती माझी नक्कल करायची. आठ वर्षांपूर्वी मी एक डिझेल गाडी घेतली आणि तिच्यावर जीव जडला. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तेवढीच तिची फुकट जाहिरात. या कंपनीच्या गाड्या बाळगणाऱ्यांचा राज्यभर पसरलेला एक ग्रुप आहे, त्याला आम्ही 'परिवार' म्हणतो. परिवाराचा विदर्भातला ॲडमिन मी. कोणी कंपनीला नावं ठेवली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मुक्ता माझी एकुलती एक. नोकरी खराडीत, सॉफ्टवेअरमध्ये, आणि राहायला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, धायरीत. गेल्या दिवाळीत तिने त्याच कंपनीची नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली, ती माझ्या हट्टाने. तिच्या मनात दुसरी होती. दोन महिन्यांपूर्वी ऑफिसातून येताना, कात्रजकडून नवले पुलाकडे जो उतार लागतो तिथे, चालत्या गाडीची स्क्रीन काळी झाली. मग ओढ गेली, स्टिअरिंग जड झालं, ब्रेक दगडासारखा झाला. मागे भरलेले ट्रक. ब्रेकवर दोन्ही पायांनी उभी राहून पोरीने गाडी कशीबशी कडेला घेतली. दहा मिनिटांनी गाडी आपली आपण सुरू झाली. सर्व्हिस सेंटरने ती दोन दिवस ठेवून घेतली आणि जॉबकार्डावर लिहून दिलं, 'दोष आढळला नाही. ग्राहकास वाहन चालवण्याची योग्य पद्धत समजावून सांगितली.'

मुक्ताने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी एका शब्दाने उलट विचारलं नाही. माझी पोरगी सतराव्या वर्षापासून गाडी चालवते, मीच शिकवली आहे.

"बाबा, परिवाराचा मेळावा आहे ना पुण्यात?" ती म्हणाली. "कंपनीचा माणूस येणार आहे ना? मला भरपाई नको, गाडी बदलून नको. त्याच्याकडून सगळ्यांसमोर एवढंच म्हणवून घ्या, की चूक माझी नव्हती."

एवढ्यासाठी मी निघालो.

शनिवार, धायरी

रस्त्याचं वर्णन करत नाही. रस्ता होता, संपला. माझ्या डिझेलने कुठेही कुरकूर केली नाही आणि या खेपेला तिच्या गुणीपणाचा मला रागच आला.

आमच्याकडे पत्ता विचारला तर माणूस हातातलं काम टाकून गाडीत येऊन बसतो आणि दारापर्यंत पोचवतो, वर पाणी पिऊन जातो. सिंहगड रस्त्यावर एका गृहस्थांना विचारलं, "धायरी फाटा कुठे आला हो?" ते म्हणाले, "तुम्ही उभे आहात तिथे." आणि गेले. उत्तर बरोबर होतं, तक्रारीला जागा नव्हती.

मुक्ताच्या इमारतीखाली तिची गाडी उभी होती. आठवडे न पुसलेली, काचेवर कबुतरांचे प्रताप. ती आता दोन बस बदलून ऑफिसला जाते, एका बाजूने पावणेदोन तास. ती वाळली होती. मला बघून हसली, पण गाडीच्या बाजूने न जाता खांबाला वळसा घालून जिन्याकडे गेली.

जेवायला तिने पाटवडीचा रस्सा केला होता, आपल्याकडच्यासारखा, घाम फोडणारा. शेजारच्या बाईंना वाटीभर द्यायला गेली तर त्या म्हणाल्या, "अगं, हे खायचं की घर निर्जंतुक करायचं?" त्या दिवसात मुक्ता मनापासून हसली ती तेवढीच.

दुपारी मी फाट्याजवळच्या एका गॅरेजात गेलो. गॅरेजवाले अण्णा मूळचे धायरी गावचे, माझ्याच वयाचे, हात कोपरापर्यंत काळे. अशा हातांशी माझं लगेच जमतं. त्यांना सगळी हकिगत सांगितली.

"सर, तुमी मास्तर हाय म्हनून सांगतो," अण्णा म्हणाले. "हिला पान्हा लागत न्हाय, लॅपटॉप लागतो. आन् त्यो लॅपटॉप कंपनीकडं हाय. परवा एक गाडी अशीच बंद पडून हितं ढकलत आनली. मी आपली तिची काच पुसून दिली."

"आवाज काही येत होता?"

"कशाचा आवाज? मेलेल्याचा आवाज येतो व्हय?"

मी तिथेच स्टुलावर बसून राहिलो. तीस वर्षं ज्या कानांच्या जोरावर पोटापाण्याचं केलं ते आता नुसते चष्मा अडकवायला उरले. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा मला इतकं म्हातारं वाटलं नव्हतं.

रविवार, येरवडा

मेळावा येरवड्याला होता, तुरुंगाच्या लांबच लांब भिंतीपलीकडच्या एका लॉनवर. सकाळी नऊला दीडशे गाड्या रांगेत, रंगवार लावलेल्या. एरवी हे दृश्य पाहून माझा ऊर भरून आला असता. मुक्ता आली नाही. "मी आले तर रडेन, आणि मग ते जॉबकार्ड खरं वाटेल," म्हणाली.

न्याहारीला मिसळ. पुण्याची मिसळ गोडाकडे झुकते. आम्ही विदर्भातले चार-पाच जण एका कोपऱ्यात जास्तीची तर्री मागत उभे होतो. तिथेच रोहन नावाचा एक तरुण भेटला, हिंजवडीत कामाला, मुक्ताचंच मॉडेल. मी हकिगत सांगायला सुरुवात केली आणि त्याने चमचा खाली ठेवला.

"स्क्रीन ब्लॅक, मग पॉवर लॉस, राइट? सर, माझं तीनदा झालंय."

"आणि सर्व्हिसवाले?"

"नो फॉल्ट फाउंड. सर, लॉगमध्ये, म्हणजे गाडीच्या नोंदीत, दिसणारच नाही. जो कंप्युटर लॉग लिहितो तोच आधी बंद पडतो ना. लिहिणार कोण?"

म्हणजे चोरी होते त्याच क्षणी पहारेकरी बेशुद्ध, आणि मग पहारेकऱ्यालाच साक्षीला बोलवायचं. शेजारी उभे असलेले नाशिकचे एक डॉक्टर हळूच म्हणाले, "माझंही झालंय, एकदा." त्यांच्या पलीकडच्या बाईंनी नुसती मान डोलावली. एका मिसळीच्या टेबलाभोवती चार गाड्या निघाल्या. मला आनंद झाला, अगदी निर्लज्ज आनंद. माझी पोर एकटी नव्हती.

"मग आज बोला ना माईकवर! चौघं उभे राहिलो तर त्याला बोलावंच लागेल."

रोहन ताटलीकडे बघत म्हणाला, "सर, मी नक्की उभा राहिलो असतो. पण पुढच्या महिन्यात गाडी विकतोय. एकदा व्हिडिओवर आलं की घेणार कोण?" डॉक्टरांनाही विकायची होती. बाई म्हणाल्या की त्यांचे यजमान परिवाराच्या कार्यकारिणीत आहेत. वर्षानुवर्षं हीच शिकवण मी ग्रुपवर दिली होती: घरातलं भांडण घरात. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

कार्यक्रम सुरू झाला. पुण्याचे ॲडमिन अभ्यंकर सूत्रसंचालनाला होते, पांढरा कडक शर्ट आणि समोर स्टीलची थाळी नि चमचा. तीन मिनिटं झाली की थाळी वाजवायची. आणि आमच्या परिवाराचा एक नियम आहे, तो मला सांगितलाच पाहिजे. तक्रार करणाऱ्याने आधी गाडीच्या दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या, मगच एक वाईट. 'दोन गोड, एक कडू.' ग्रुपवर शिवीगाळ वाढली होती तेव्हा हा नियम काढला, आणि काढणारा मीच. त्याचं तेव्हा फार कौतुक झालं होतं.

कंपनीचा माणूस तिशीचा असेल, कंपनीच्या टी-शर्टात, अतिशय नम्र. लोक एकेक उठत होते. चार्जिंगला वेळ लागतो. नव्या अपडेटनंतर एसी आपोआप सुरू होतो. एका गृहस्थांची गाडी त्यांच्याशी हिंदीत बोलते आणि मराठीत ऐकत नाही. सगळे आधी दोन गोड बोलत होते आणि टाळ्या मिळवत होते.

माझं नाव पुकारलं. माईक हातात आला आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. पहिलं गोड: बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा माझ्या डिझेलने पुरातला रस्ता कसा काढला. दुसरं गोड: मेळघाटातल्या दगडगोट्यांवर हिचं सस्पेंशन आठ वर्षं कसं टिकलं. एकेक मुद्दा फळ्यावर लिहावा तसा सोडवून सांगितला. लोक डोलत होते. दुसऱ्या मुद्द्याला जी टाळी पडली ती थांबेचना.

आणि थाळी वाजली.

"वेळ संपली, वानखडे," अभ्यंकर म्हणाले. "नियम आपणच केलेत."

"अहो, एक मिनिट! माझ्या मुलीची गाडी उतारावर चालता चालता बंद पडली. मागे ट्रक होते. ती मेली असती!" मी ओरडलो. "कार्डावर तुम्ही लिहिता, तिला पद्धत समजावली. चूक तिची नव्हती, एवढंच सांगा. गाडी बदलून नको, पैसे नकोत. एवढं एक वाक्य बोला."

मी मिसळीच्या टेबलाकडे पाहिलं. रोहन बुटाची लेस बांधत होता, आणि माझी नजर दुसरीकडे वळेपर्यंत बांधत राहिला.

कंपनीचा माणूस म्हणाला, "सर, मॅडम सेफ आहेत हे महत्त्वाचं. पण डेटामध्ये काही नसताना मी असं स्टेटमेंट देऊ शकत नाही. फॉल्ट एकदा दाखवा, आम्ही लगेच ॲक्सेप्ट करू."

बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर. मी काही म्हणायच्या आत त्याने पडद्याकडे हात केला. पुढच्या वर्षी येणाऱ्या मॉडेलची अर्ध्या मिनिटाची झलक. धुक्यातून एक गाडी येते, पुढे दिव्यांची एकच रेघ, आत स्क्रीनच स्क्रीन, या दारापासून त्या दारापर्यंत. दीडशे हात मोबाईल धरून वर गेले. ज्यांच्या गाड्या रस्त्यात मेल्या होत्या त्यांचेही हात वर होते. शेजारचे डॉक्टर पुटपुटले, "यात सगळं सुधारलं असेल बरं का."

मी माईक खुर्चीवर ठेवला आणि बाहेर आलो. असा एकटा मी माझ्या माणसांत कधीच पडलो नव्हतो.

मुक्ताला खरं सांगितलं. मी बोललो, तो बोलला नाही. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही सगळ्यांसमोर बोललात ना बाबा, पुरे." मला वाटलं, चला, निदान एवढं तरी कमावलं.

सोमवार, खराडी

मुक्ताचं ऑफिस कधी पाहिलं नव्हतं, म्हणून तिच्याबरोबर दोन बस करून गेलो. शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहायचं असेल तर ही चांगली सोय आहे. पायांचं मात्र काही खरं नाही. खराडीत काचेच्या इमारती एकमेकींत तोंड बघत उभ्या, आणि त्यांच्या पायथ्याशी चहाच्या गाडीवर गळ्यात पट्टे अडकवलेली पोरंपोरी. त्यांच्यात आमच्या भागातली पुष्कळ निघाली. एक यवतमाळचा मला पाहून म्हणाला, "काका, इथं काहून?" त्या एका 'काहून'ने बरं वाटलं.

मुक्ता चार वाजता चहाला खाली आली, सोबत शर्वरी नावाची मैत्रीण. शर्वरी मला बघून थबकली.

"अय्या, काका, तुम्हीच ना ते? सस्पेंशनवाले! कसलं क्यूट बोललात!"

तिने मोबाईल काढला. परिवाराच्या पानावर माझी रील होती. पुरातला रस्ता, मेळघाट, टाळ्यांचा कडकडाट, आणि खाली मोठ्या अक्षरात, 'तीस वर्षं इंजिनं शिकवणारे सर सांगतात, विश्वास म्हणजे काय.' पुढचं काही नव्हतं. उतार नव्हता, ट्रक नव्हते, माझी मुलगी नव्हती. ऑफिसात सकाळपासून फिरत होती म्हणे.

"आमच्या घरी दोन गाड्यांत कन्फ्यूजन होतं," शर्वरी म्हणाली. "आईने तुमचं बघितलं आणि फायनल केलं."

मी तिला सगळं सांगितलं, घाईघाईत, उलटसुलट. ती ऐकत होती, पण नजर मुक्ताकडे जात होती, वडिलांची तब्येत ठीक आहे ना असं विचारणारी. शेवटी म्हणाली, "हो काका, सगळ्याच गाड्यांत थोडंफार असतंच."

चहाचा कप मुक्ताने पुरा न पिता ठेवला.

मी बाजूला जाऊन अभ्यंकरांना फोन लावला. असेल नसेल तेवढा आवाज चढवला.

"अहो वानखडे, रील एक मिनिटाची असते," ते शांतपणे म्हणाले. "आपण तीन मिनिटं गोडच बोललात, त्यातलं मिनिटभर बसलं. कडू छोटं करून आणायला हवं होतं."

"ती काढा."

"काढतो ना. पण एव्हाना लोकांनी पुढे पाठवलीय. ती कुठून कुठून काढणार आपण?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हसण्यावारी न्यायची सोय नव्हती. पोरीच्या बाजूने साक्ष द्यायला पाचशे-सहाशे किलोमीटर आलो आणि साक्ष दिली ती गाडीच्या बाजूने, माझ्याच तोंडाने, माझ्याच नियमाने. परतीच्या बसमध्ये मुक्ता खिडकीशी बसली. मी म्हणालो, "मी बोललो होतो गं." ती म्हणाली, "मला माहीत आहे बाबा. पण मला एकटीलाच माहीत आहे." हडपसरनंतर तिला झोप लागली, किंवा तिने डोळे मिटून घेतले.

मंगळवार, नवले पूल

मंगळवारी मी निघणार होतो. सकाळी सहाला मुक्ता कपडे करून, हातात किल्ली घेऊन उभी.

"चला. एकदा तुम्ही शेजारी बसा. त्याला फॉल्ट दाखवायचा आहे ना? तुम्ही मोबाईलवर शूटिंग करा."

मी नको म्हणालो. खरंच घाबरलो होतो. पण तिचा चेहरा पाहून पुढे बोलवलं नाही. काच पुसली, गाडी काढली. तिचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. तरी काय चालवते पोरगी! आरशात बघणं, लेन बदलणं, अंतर ठेवणं, सगळं मी शिकवल्यापेक्षा चांगलं. कात्रजला जाऊन आम्ही वळलो आणि उताराला लागलो. उजव्या बाजूने ट्रक घरंगळत होते, खाली इमारतींवर नुकतं ऊन आलेलं, लांबवर सिंहगडाचा टॉवर दिसत होता. सुंदर सकाळ होती आणि मी मोबाईल स्क्रीनवर रोखून बसलो होतो.

काही झालं नाही. पुलाखालून वळून पुन्हा कात्रज, पुन्हा उतार. काही नाही. तिसऱ्या खेपेला मी मनातल्या मनात म्हणत होतो, पड बाई, बंद पड. पोटची पोर आत बसलेली, मागे ट्रक, आणि बाप गाडी बंद पडायची वाट बघतोय. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती, पण मी म्हणत राहिलो. पाच खेपा झाल्या. गाडी लोण्यासारखी चालली. स्क्रीनवर हिरवं झाडाचं चित्र आलं आणि गाडीने मुक्ताचं अभिनंदन केलं, आपण उत्तम चालवत आहात म्हणून.

धायरीत येऊन तिने गाडी जागेवर लावली. बंद केली. आवाज तर तसाही नव्हता, त्यामुळे बंद झाल्याचं कळलंच नाही. ती समोर बघत बसली होती.

"बाबा," ती म्हणाली, "आता तुम्हालाही वाटतंय ना, की माझंच काहीतरी चुकलं असेल?"

'नाही' म्हणायचं होतं. एक शब्द. रोहनचं मला ठाऊक होतं, डॉक्टरांचं, त्या बाईंचं. लॉग का दिसत नाही तेही कळलं होतं. पण त्या पाच खेपांत, चौथ्या की पाचव्या, माझ्या मनात काहीतरी येऊन गेलं होतं. तिचा पाय घाईत कुठे पडला असेल का, एवढंच. आलं आणि गेलं. आणि तिने विचारलं तेव्हा मी नेमका त्या विचारापाशी अडखळलो.

"नाही गं," मी म्हणालो. "वेडी आहेस का?"

उशीर झाला होता. ती माझीच मुलगी, तिचे कान माझ्यासारखे आहेत. तिने मान हलवली, किल्ली काढली, माझ्या बाजूचं दार उघडून दिलं. वर गेल्यावर तिने माझा डबा भरला, पाण्याची बाटली भरली, पाया पडली. दाराशी म्हणाली, "जपून चालवा." मी गाडीत बसेपर्यंत ती गॅलरीत होती, नंतर दिसली नाही.

अमरावतीला पोचल्याचा फोन केला तेव्हा तिने उचलला. रोज उचलते. जेवण, हवा, ऑफिस, सगळं सांगते. गाडीबद्दल बोलत नाही, आणि मीही विचारत नाही.